कॅल्शियम कुणाच्या हातचं

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटाकडे गेल्यावर सांगायचं ठरवलं तर मी ते साखर लावून सांगेन.

ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. लोक ते नवऱ्याचं समजतात, पण फार्मसीची पदविका माझी आहे आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेल्या परवान्यावरचं नावही माझंच आहे. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत मी काउंटरवर असते. गावातल्या बाया नवऱ्याला सांगत नाहीत ते मला सांगतात, आणि मी देईन ती गोळी मुकाट्यानं घेतात. आपलं ऐकलं जाण्याची माणसाला सवय लागते. मला लागली होती.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई कधी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. दुपारची जेवणं झाली की त्या पानाचा डबा पुढे ओढायच्या, देठ खुडायच्या, बोटानं चुना लावायच्या, कात-सुपारी घालून विडा दुमडायच्या आणि पहिला विडा कुणाच्या तरी हातावर ठेवायच्या. घरात जे काही बोलायचं असेल ते त्या विड्यात यायचं. लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षं तो पहिला विडा माझा होता. धाकटी राणीसावरगावहून लग्न होऊन आली तेव्हा मी जरा सावध झाले होते. ती गोरी, हसरी, बारावी झालेली, आणि कामाला उजवी. पण विडा काही हलला नाही. पहिला मला, दुसरा आत्याबाईंना स्वतःला, तिसरा तिला. मी निर्धास्त झाले.

मग ज्येष्ठ संपता संपता अंगणातल्या हौदापाशी शेवाळावरून आत्याबाईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. परभणीला नेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून सांगितलं की हाडं आतून विरळ झाली आहेत, या वेळी मनगटावर भागलं, पुन्हा पडल्या तर खुबा जाईल आणि खुबा गेला की माणूस उठत नाही. रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्यातून एक डी जीवनसत्त्वाची कॅप्सूल लिहून दिली. डी नसेल तर कॅल्शियम नुसतं येऊन जातं, अंगी लागत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पडण्याचं नव्हे, औषधाचं. आता घरातही माझीच विद्या लागणार होती.

पण उजवा हात गळ्यात बांधलेला. आम्ही लिंगायत; आत्याबाई रोज सकाळी गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, त्याला भस्म लावतात, बेल वाहतात. आता लिंग डाव्या हातावर आणि भस्म लावायला उजवा हात नाही. हे काम थोरल्या सुनेचं. पण पूजेची वेळ साडेआठची, आणि मला नऊला दुकान उघडायचं असायचं. पहिल्या दिवशी मी घाईघाईत भस्म लावलं तर आत्याबाई म्हणाल्या, "जा बाई तू, गिऱ्हाईक थांबलं असंल. ही करती सावकाश." दुसऱ्या दिवसापासून धाकटी त्यांच्यासमोर घोंगडीवर बसायला लागली. बेलाचं एकेक पान धुऊन, पुसून, पालथं करून वाहायची. मी चपला घालता घालता उंबऱ्यातून बघायची. दोघींची डोकी जवळ आलेली असायची आणि कुणी बोलत नसायचं.

पानाचा डबाही तिच्याकडे गेला. मोडक्या हातानं चुना कसा लावणार? विडे ती करायला लागली आणि पहिला विडा अर्थातच आत्याबाईंना द्यायला लागली. दुसरा मला द्यायची, अगदी अदबीनं. अदबीचाही राग येतो हे मला तेव्हा कळलं.

माझ्या गोळ्या मात्र आत्याबाईंना मानवेनात. गोळी मोठी, पांढरी, घशात अडकणारी. "शाळंतला खडू खाल्ल्यावाणी लागायलंय," त्या म्हणायच्या. वर पोट साफ होईना. मी काउंटरवर बोलते तशी बोलले, "जेवणानंतर घ्यायची, वरून पाणी भरपूर प्यायचं, सवय होईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गिऱ्हाईक आहे आणि त्यांना घाई आहे.

धाकटीनं दुसरी वाट धरली. बिनपॉलिशचे तीळ भाजून गुळात लाडू वळले. परसातल्या शेवग्याची पानं सावलीत वाळवून, चुरून भाकरीच्या पिठात घातली. आत्याबाई दोन घास जास्त खायला लागल्या. आठ दिवसांत त्यांचं पोट ताळ्यावर आलं आणि त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "धाकटीच्या हाताला गुण हाय. थोरलीचं काय, पाकिटातलं."

पाकिटातलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं नवऱ्याला समजावलं, की तिळात कॅल्शियम असतं, सालासकट खाल्ले तर बरंच असतं, शेवग्यातही असतं, पण त्यातलं अंगी किती लागलं हे कुणी मोजलंय? गोळीचं तसं नाही. पाकिटावर साडेबाराशे मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, त्यात निव्वळ कॅल्शियम पाचशे, दर गोळीला तेवढंच. आणि गोळीला कृत्रिम कशाला म्हणायचं? ती काय कुणी हवेतून काढलेली नसते. खाणीतली चुनखडी असते, भट्टीत भाजून, गाळून, पुन्हा साका बसवून शुद्ध केलेली. आत्याबाई जन्मभर पानाला जो चुना लावत आल्या त्याचीच ती बहीण. नवरा म्हणाला, "बरं मग, लाडू बी खाऊ द्या, गोळी बी खाऊ द्या." बरोबरच होतं त्याचं. मला बरोबर उत्तर नको होतं, मला लाडू बंद व्हायला हवे होते.

पुढच्या महिन्यात धाकटीनं बचत गटाच्या बैठकीतून एक डबा आणला. बैठकीला कुठलीशी बाई असले डबे घेऊन येत असे. वर निळ्या लाटांचं चित्र आणि मोठ्या मराठी अक्षरांत 'नैसर्गिक सागरी कॅल्शियम'. आत पांढरी पूड. रोज एक चमचा ताकात किंवा दुधात. आत्याबाईंनी ती आनंदानं घेतली. गिळायची भानगड नाही आणि देणारी धाकटी. दोन आठवड्यांनी मी त्यांच्या उशाखालचं माझं गोळ्यांचं पाकीट पाहिलं तर ते तसंच भरलेलं. बाई माझ्यासमोर पाकीट हातात घेत आणि मी वळले की उशाखाली सारत होत्या.

फक्त रविवारची कॅप्सूल त्या घेत. ती आठवड्यातून एकदाच असायची, छोटी, मधाच्या थेंबासारखी पारदर्शक, आणि त्यांना ती बघायलाही आवडायची. दुकान बंद असायचं, त्यामुळे ती मी स्वतः हातावर ठेवायची. आठवड्यातली तेवढी पाच मिनिटं माझी होती.

एके दिवशी धाकटी विहिरीवर गेलेली असताना मी तो डबा उचलला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत घटक लिहिलेले होते. ते वाचायला माझ्यासारखीच लागते. ती पूड शिंपल्यांची होती. समुद्रातल्या कालवांची टरफलं दळून केलेली.

रसायन म्हणून पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. गोळीत जे कॅल्शियम कार्बोनेट तेच शिंपल्यात, शरीर काही दाखला मागत नाही. फार तर शिंपला नीट शुद्ध केला नाही तर त्यात समुद्रातलं शिसं येऊ शकतं, ही एक शंका. पण आमच्या घरात अंडं घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आत्याबाई बाहेरगावी गेल्या तर घरचा जेवणाचा डबा नेतात, परक्याच्या चुलीवरचं पाणी पीत नाहीत. आणि त्या गेले वीस दिवस, लिंगपूजा करून उठल्या की, शिंपल्याची पूड पीत होत्या.

मला त्याच दिवशी सांगता आलं असतं. धाकटीला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. डबा गुपचूप टाकून दिला असता तरी चाललं असतं. मी यातलं काहीही केलं नाही. मी पाच दिवस थांबले, कारण पाच दिवसांनी श्रावणी सोमवार होता.

सोमवारी सकाळी पूजा झाली. आत्याबाईंचं प्लास्टर तेव्हा निघालं होतं, पण हातात जोर नव्हता. उपासाचं दूध घेऊन धाकटी त्यात चमच्यानं पूड हलवत होती. मी चष्मा लावला, डबा हातात घेतला आणि जणू आत्ताच दिसलं अशा आवाजात म्हणाले, "आत्याबाई, थांबा. ह्यात शिंपले हायेत."

"म्हंजी?"

"समुद्रातला जीव असतोय. तो मेला की वरचं टरफल दळतेत. त्याची पूड हाय ही."

धाकटीचा हात पेल्यातच थांबला. "अक्का, मला ठावं न्हवतं. त्याच्यावर नैसर्गिक लिव्हलंय."

"शिंपला नैसर्गिकच असतोय," मी म्हणाले.

 आत्याबाईंनी पेला बाजूला सारला, गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरली आणि न्हाणीकडे गेल्या. दुसऱ्यांदा अंघोळ केली. दिवसभर पाणीही घेतलं नाही. दुपारी गावातल्या स्वामींना बोलावलं, त्यांनी भस्म लावलं, तीर्थ दिलं आणि म्हणाले, "नकळत झालंय, माय. नकळत झाल्याला दोष न्हाई." धाकटी स्वयंपाकघरात पाठमोरी बसून रडत होती.

हे दुपारचं मला नंतर नवऱ्यानं सांगितलं. मी नऊला दुकानात गेले होते, वेळेवर. आणि त्या दिवशी मी खुशीत होते. एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, आज काय विशेष?

संध्याकाळी आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. तोंड उतरलं होतं, पण आवाज मऊ होता. इतका मऊ आवाज माझ्या वाट्याला कैक दिवसांत आला नव्हता. "तुझ्या गोळीत तसलं काय न्हाई ना?"

"न्हाई, आत्याबाई. दगड हाय तो. चुनखडी."

"आन् ती रविवारची?"

इथे मला थांबून सांगावं लागेल. ती मधासारखी दिसणारी कॅप्सूल, तिचं वरचं पारदर्शक कवच जिलेटिनचं असतं. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून करतात. हे मला माहीत होतं. औषधांच्या पाकिटावर खाण्याच्या वस्तूंसारखा हिरवा-तपकिरी ठिपका नसतो, म्हणून लोकांना कळत नाही, पण मला शिकवलेलं आहे. एका व्यापाऱ्याच्या बायकोनं दुकानात हेच विचारलं होतं तेव्हा मी तिला तेच औषध पुडीतलं दिलं होतं, दुधात टाकून घ्यायचं. घरच्या माणसाच्या वेळी मला आठवलंच नाही. चिठ्ठीवर कॅप्सूल लिहिली होती, मी कॅप्सूल काढून आणली. इतकी साधी चूक. धाकटीची चूक होती तशीच. फरक एवढाच की पाच दिवस शिंपल्याचा डबा मनात घोळवताना ती कॅप्सूल मला आठवली होती, आणि मी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "शुद्ध हाय."

"तू शिकलेली. तू म्हनलीस म्हंजी झालं."

मागे दारात धाकटी ताटं घेऊन उभी होती.

मग माझे दिवस आले. आत्याबाई दोन वेळा माझ्या हातून गोळी घ्यायच्या, माझ्यासमोर गिळायच्या, तोंड वाकडं करायच्या पण गिळायच्या. लाडवांचा डबा तसाच राहिला. भाकरीतला शेवगाही बंद झाला, कारण आता धाकटीच्या हातचं काहीही त्या आधी विचारून घ्यायला लागल्या होत्या. "ह्यात काय घातलंस?" भाजीलाही. ती मान खाली घालून सांगायची, तेल, मीठ, तिखट. मला वाटलं होतं हे ऐकून गार वाटेल. वाटलंही, दोन दिवस.

रविवारी मी कॅप्सूल आणली. उजव्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून आत्याबाईंनी डावा तळहात पुढे केला. सकाळी त्याच तळहातावर लिंग होतं, रेषांमध्ये भस्म अजून दिसत होतं. मी कॅप्सूल त्यावर ठेवली. पुडी दुकानात, दुसऱ्या खणात, डाव्या बाजूला होती. मला खण दिसत होता. तरी ठेवली, कारण बदलली असती तर त्या विचारणार, का बदलली?

पोळा होऊन गेला आणि एके दिवशी दुपारी धाकटी दुकानात आली. ती कधी दुकानात येत नाही. नवरा गोदामात होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, काउंटरला टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, ती रविवारची कॅप्सूल पुडीत बी मिळती म्हनं. दुधातली."

मी गोदामाच्या दाराकडे बघून घेतलं.

"मी मोबाईलवर वाचलं. त्या सोमवारी दिवसभर तेच करत बसले, घरातल्या सगळ्या डब्यांचं, औषधांचं बघितलं. पुन्यांदा असं नगं व्हायला म्हनून." मग म्हणाली, "तुमी आत्याबाईला न्हाई म्हनलात तवा मला ठावं होतं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "तुला चांगली संधी होती की."

"बोलले असते तर त्यांनी ती बी सोडली असती. समदंच सोडलं असतं. मंग हाडांचं काय? डॉक्टर म्हनले न्हाई का, खुबा जाईल." तिनं पदर सावरला. "पुडी द्या पुढच्या रविवारपासून. कुनाला सांगू नका, मी बी न्हाई सांगत."

ती गेली. मी खणातून पुडी काढून पर्समध्ये टाकली आणि मला इतका राग आला की मी पुढच्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसले. मी तिच्या जागी असते तर आत्याबाईंच्या समोर चष्मा लावून मोठ्यानं वाचलं असतं. ते मी केलंच होतं. ती तेवढीच दुखावली होती, तिच्याकडे त्याहून मोठं हत्यार होतं, आणि तिनं आधी आत्याबाईंच्या खुब्याचा विचार केला. औषधाचं शिक्षण माझं, आणि औषध कशासाठी असतं ते लक्षात राहिलं तिच्या. तिच्या हाताचा, रंगाचा, लाडवांचा हेवा मी सहन केला असता. या गोष्टीचा सहन होत नाही.

रविवारी मी दुधात पुडी हलवून पेला पुढे केला. आत्याबाईंनी आत पाहिलं. "आज ती मधावाणी गोळी न्हाई?"

मी पुन्हा चमचा फिरवला. स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज आला, "ती संपली असंल, आत्याबाई. हे बी त्येच हाय."

त्यांनी दूध प्यायलं, ओठ पुसले. "हे बरं हाय. गिळायला सोपं. धाकटीनं सुचिवलं असंल."

मी हो म्हणाले. एवढं एक खरं मी बोलले.

जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी पानाचा डबा स्वतःकडे ओढला. मनगट बरं झाल्यावर पहिल्यांदाच. देठ खुडताना बोटं थरथरत होती, चुना पानावर नीट पसरेना, एकाच जागी गोळा झाला. धाकटी मदतीला सरकली तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. विडा कसाबसा दुमडला आणि माझ्याकडे हात केला.

"घे. ह्या घरात तुझ्यावाणी खरं सांगनारं कुनी न्हाई."

धाकटी ताटं गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी विडा घेतला आणि तोंडात घातला. चुना फार झाला होता, जीभ चांगलीच पोळली. मी तो शेवटपर्यंत चावला.